निर्वासित मुलीला पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ होता येईल का?

प्रश्न: हिवाळ्यात इंदुरात स्वेटर विकायला येणाऱ्या एका तिबेटी कुटुंबातली मुलगी मानसशास्त्रात बी. ए. करते आहे, गिऱ्हाईक नसले की लोकरीच्या ढिगाला टेकून वाचत बसते. अपंगत्व आलेल्यांना मानसिक आधार देण्याचे काम तिला करायचे आहे. पुढे काय करावे?

उत्तर १: ताई, नुसते एम. ए. पुरत नाही. १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण करून परिषदेच्या नोंदवहीत नाव नोंदवावे लागते.

उत्तर २: निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर भारताची सही नाही, त्यामुळे तिबेटी निर्वासितांचे सारे कामकाज भारत सरकारकडून मिळणाऱ्या नोंदणी प्रमाणपत्रावर (इथल्या वास्तव्याच्या परवान्यावर) चालते, प्रवेशाआधी त्याचे नूतनीकरण अवश्य करून घ्यावे. वाट लांबची आहे, पण तिने ती सोडू नये, असे मला मनापासून वाटते.