पुण्यातल्या फ्लॅटमधला शेजाऱ्यांचा आवाज: तक्रार कुठे, कशी

विषय: वरच्या फ्लॅटचा आवाज, पुण्यात एकटे आई-वडील

नमस्कार मंडळी,
रात्री साडेअकरानंतर स्पीकर, पहाटे साडेपाचला घरघंटी (घरातली पिठाची गिरणी), वर सतत धपधप. पुण्यात एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांनी अशा वेळी कायद्याने काय करावं? आणि परदेशात राहणारी आपण मुलं इथून काय करू शकतो? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

उत्तर १

आधी आवाज कसला आहे ते ठरवा, कारण तक्रार कुठे करायची ते त्यावरून बदलतं.

स्पीकरचा प्रश्न सगळ्यात सोपा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. घरच्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. एरवी तक्रारीसाठी मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त आवाज लागतो. रात्रीच्या निर्बंधांचा भंग असेल तर ती अट नाही. रहिवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायलाही मनाई आहे.

फोन आवाज चालू असतानाच 112 वर करा. थांबल्यावर केला तर पोलीस शांत घर बघून परत जातात आणि पुढच्या वेळी तेच तुमच्या विरोधात सांगितलं जातं. परदेशातून 112 लावून पुण्याचे पोलीस मिळत नाहीत, म्हणून आई-वडिलांनी किंवा शेजाऱ्यानेच लावायचा.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, दोन प्रतींत. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या; पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा. अर्जात ‘महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 38 प्रमाणे आवाज थांबवण्याचा आदेश व्हावा’ अशी स्पष्ट मागणी लिहा. नुसतं ‘कारवाई करा’ लिहिलं की बहुतेक वेळा अदखलपात्र नोंद (जिच्यावर पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत) होते आणि विषय तिथेच थांबतो. भारतीय न्याय संहितेतला सार्वजनिक उपद्रव (कलम 270) आम जनतेच्या किंवा आसपासच्या लोकांच्या त्रासाबद्दल आहे. एकाच घराची तक्रार तिथे तोकडी पडते, आणि कलम 292 खाली दंडही फार तर 1000 रुपये. कलम 38 मध्ये जवळपास राहणाऱ्यांचा त्रास पुरतो. तरीही आणखी दोन-तीन फ्लॅटच्या सह्या मिळाल्या तर जरूर घ्या.

पोलिसांची हद्द तपासा. वाकड, हिंजवडी 2018 पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहेत; कोथरूड पुणे शहराकडे.

उत्तर २

वरच्या उत्तरात एक महत्त्वाची भर. फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर पहिलं पत्र मालकाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 16(1)(ग) प्रमाणे शेजाऱ्यांना उपद्रव हे भाडेकरूकडून ताबा परत घेण्याचं कारण आहे, आणि लिव्ह अँड लायसन्स करारातही असं कलम सहसा असतं. सगळ्यात लवकर गुण येतो तो इथेच.

शेजारी स्वतः मालक असेल तर कमिटीला लेखी द्या. पण इमारत सहकारी सोसायटी आहे की अपार्टमेंट (फ्लॅटमालकांची असोसिएशन), हे आधी बघा. पुण्यात दोन्ही भरपूर आहेत. सभासदाला काढून टाकण्याची तरतूद (सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 35) फक्त सोसायटीला लागू; तिलाही सर्वसाधारण सभेत तीन-चतुर्थांश मतं आणि निबंधकांची (सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांची) मंजुरी लागते. उपविधींचा (सोसायटीच्या नियमांचा) वारंवार भंग आणि त्याची लेखी नोंद असल्याशिवाय ते टिकत नाही. म्हणून कमिटीच्या प्रत्येक समजपत्राची प्रत मागून ठेवा.

विचारणा

धपधप आणि घरघंटीचं काय? मोबाइलच्या ॲपवर 40 डेसिबलच्या पुढे आकडा जात नाही.

उत्तर ३

जाणारही नाही. तो आवाज हवेतून नाही, स्लॅबमधून येतो. मर्यादा सरासरी पातळीवर मोजतात. दहा मिनिटांत चार धक्के बसले तर झोप मोडते, सरासरी हलत नाही. इथे पोलिसांचा रस्ता धरू नका. घरघंटी आणि वॉशिंग मशीनखाली जाड रबरी पॅड, खुर्च्यांच्या पायांना फेल्ट आणि घरघंटीची वेळ सकाळी 8 नंतर, एवढं कमिटीसमोर लेखी ठरवून घ्या. पॅडचा खर्च आपण उचलायची तयारी दाखवलीत तर समोरच्याला नाही म्हणणं जड जातं.

तेही फसलं तर वकिलाची नोटीस, मग शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा आणि सोबतच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 खाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज. किमान महिनाभराची रोजवही लागते: तारीख, सुरू-बंद वेळ, कुठल्या खोलीत ऐकू आलं, कोणाला कळवलं. ती रोजच्या रोज लिहा; एका बैठकीत लिहिलेली वही उलटतपासणीत लगेच उघडी पडते. रेकॉर्डिंग मूळ फोनमध्येच राहू द्या. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023, कलम 63 प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेल्या प्रतीवर ते देताना अडचण येते.

मुखत्यारपत्राबद्दल (पॉवर ऑफ ॲटर्नी) एक चूक नेहमी होते. इथून भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा नोटरी-अपोस्टिल (परदेशी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) करून पाठवलेलं पत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. पण त्याने फक्त कामकाज चालवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये जानकी भोजवानी खटल्यात स्पष्ट केलं की मूळ व्यक्तीलाच जे ठाऊक, त्याची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही. रात्री साडेअकराला काय ऐकू आलं हे आई-बाबांनाच सांगावं लागेल. घर त्यांच्या नावावर असेल तर वादीही त्यांनाच करा, मुखत्यारपत्राची गरजच उरत नाही.