रुग्ण पोहोचतो, नोंद मागे राहते : रुग्णवाहिका आणि रुग्णालय यांच्या संगणकीय नोंदी जोडाव्यात का?

धागाकर्ता : रुग्णवाहिकेवर सहा वर्षे काम केलेला डॉक्टर, मानेवाडा, नागपूर

राज्यातली १०८ क्रमांकाची सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हा तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक. गाडीवर डॉक्टर असणे हे या सेवेचे वैशिष्ट्य मानले गेले. गाडीवर डॉक्टर आहे याचा अर्थ रुग्णालयाच्या दारात येण्याआधीच उपचार सुरू झालेले असतात, आणि म्हणूनच त्या उपचारांची नोंद हे केसपेपरचे पहिले पान असायला हवे. प्रत्यक्षात ते पान बहुतेक वेळा गाडीबरोबरच परत जाते.

खरीप काढणीच्या दिवसांतली एक रात्र सांगतो. भिवापूरकडच्या एका शेतकऱ्याला घोणस चावली होती. एका ग्रामीण रुग्णालयात त्याचे रक्त साध्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवले गेले. ते गोठले नाही, म्हणजे विष अंगात भिनले होते, म्हणून सर्पविषावरच्या औषधाच्या, म्हणजे एएसव्हीच्या, दहा व्हायल सलाइनमधून लावल्या गेल्या आणि रुग्णाला नागपूरला रेफर केले गेले. उमरेडला गाडी बदलली आणि तो माझ्या ताब्यात आला. रेफर चिठ्ठी पावसात भिजून तिचा लगदा झाला होता. उरली होती ती मनगटावरच्या चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेली एक ओळ : ‘एएसव्ही १० – ४.२०’.

पहिली मात्रा दिल्यानंतर रक्त गोठण्याची चाचणी सहा तासांनी पुन्हा करायची असते आणि दुसरी मात्रा द्यायची की नाही, ते त्या चाचणीवर ठरते. दहा व्हायल साधारण तासाभरात चढतात. मग ४.२० ही सलाइन लावल्याची वेळ की संपल्याची? आणि रुग्णाचा पुतण्या तर म्हणत होता की, चार वाजता आम्ही शेतातच होतो! म्हणजे ती दंशाची वेळही असू शकत होती. मी फोन लावत राहिलो, पण तिकडची पाळी बदलली होती. नागपूरच्या रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरने अखेर आपल्या घड्याळाप्रमाणे हिशेब नव्याने सुरू केला. रुग्ण वाचला, पण त्यात आमच्या पद्धतीचा वाटा काहीच नव्हता.

माझे म्हणणे असे की, ग्रामीण रुग्णालय, रुग्णवाहिका आणि नागपूरचे मोठे रुग्णालय या तिन्ही ठिकाणच्या संगणकीय नोंदी एकमेकींना जोडल्या जाव्यात, रुग्ण दारात येण्याआधी त्याची माहिती अपघात विभागाच्या पडद्यावर उमटावी, आणि ही जोडणी कुणाच्या मर्जीवर न सोडता सक्तीची करावी.

प्रतिसाद : अपघात विभागातील वैद्यकीय अधिकारी

डॉक्टर, आपल्या अनुभवाबद्दल आदर ठेवूनच विरोध नोंदवतो. आपल्या गोष्टीतला घोळ संगणक नसल्यामुळे झालेला नाही. ‘सुरू’ हा एक शब्द न लिहिल्यामुळे झालेला आहे. ज्या माणसाने पट्टीवर नुसते ४.२० लिहिले, त्याने टॅबवरही नुसते ४.२० च भरले असते, आणि ते आमच्या पडद्यावर अधिक सुबक अक्षरांत दिसले असते, इतकेच.

आता पडद्याविषयी. आपण ज्या पडद्यावर माहिती उमटवू पाहता, तो आमच्याकडे नोंदणीच्या खिडकीत आहे, खाटेजवळ नाही. रात्री अडीच वाजता समृद्धीवरच्या अपघातातले चार जखमी एकदम येतात, तेव्हा दोन निवासी डॉक्टर, एक सिस्टर आणि एक कक्षसेवक एवढ्या माणसांपैकी पडद्यासमोर कोणाला बसवायचे? त्या वेळी मला रुग्णवाहिकेच्या डॉक्टरचा तोंडी निरोप हवा असतो : काय झाले, केव्हा झाले, कुठे लागले, रक्तदाब किती, शुद्ध किती, काय दिले. हे अर्ध्या मिनिटात होते आणि मला उलट प्रश्न विचारता येतो. पडदा उलट उत्तर देत नाही.

इंग्लंडमध्ये रुग्णवाहिकेतून रुग्ण रुग्णालयाच्या ताब्यात देण्यासाठी १५ मिनिटांचे मानक आहे आणि तिथे गाड्यांवर संगणकीय नोंदीही आहेत. तरीही हिवाळ्यात तिथल्या रुग्णालयांबाहेर गाड्यांच्या रांगा लागतात, कारण आत खाट रिकामी नसते. खाटा आणि माणसे न वाढवता नुसती प्रणाली वाढवली की काय होते, ते यावरून कळावे.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो, कारण ती सहसा कोणी लिहीत नाही. रुग्ण येण्याआधी त्याची माहिती पोहोचली, तर काही ठिकाणी तयारी होईल, हे खरे. पण काही ठिकाणी नकाराची तयारी होईल. डोक्याला मार, अनोळखी, सोबत नातेवाईक नाही, एवढे पडद्यावर दिसले की ‘व्हेंटिलेटर रिकामा नाही’ असा निरोप गाडी वाटेत असतानाच येईल. आज गाडी दारात उभी राहते, तेव्हा निदान तोंडावर नाही म्हणणे जड जाते.

प्रतिसाद : धागाकर्ता

नकाराचा मुद्दा मला टोचला, कारण तो खरा आहे. वर्धा रस्त्यावर गाडी कडेला घेऊन ‘साहेब, मेडिकल की मेयो?’ असे, म्हणजे नागपूरच्या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी कुठे, असे चालकाने विचारले आहे आणि मी तिसऱ्या रुग्णालयाच्या फोनची वाट पाहत बसलो आहे, असे मी किती वेळा केले असेल, याचा हिशेब नाही. पण मी त्यातून उलटा निष्कर्ष काढतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात निकाल दिला, तेव्हापासून आणीबाणीच्या रुग्णावर उपचार करणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरलेले आहे. तरीही फोनवरचा नकार चालतो, कारण तो हवेत विरतो. माहिती कोणाकडे किती वाजता गेली आणि उत्तर किती वाजता काय आले, हे एकाच नोंदीत राहिले, तर नकार देणाऱ्याला निदान कारण लिहावे लागेल.

खाटेजवळ पडदा नाही हे मान्य. तो तिथे असावा, हीच तर मागणी आहे.

प्रतिसाद : रुग्णालयांच्या संगणक प्रणाल्यांवर काम करणारा, त्रिमूर्तीनगर

दोघेही डॉक्टर ‘जोडणी’ हा शब्द असा वापरत आहेत की जणू एक वायर लावायची बाकी आहे. खरी अडचण वेगळी आहे. दोन प्रणालींमधली नोंद एकाच माणसाची आहे, हे यंत्राला कशावरून कळावे?

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ च्या सप्टेंबरपासून देशभर लागू झाले आणि त्यातला आभा क्रमांक, म्हणजे प्रत्येकाचा आरोग्य-ओळख क्रमांक, १४ अंकी आहे. ओपीडीत रांगेत उभा राहिलेला माणूस तो मोबाइलमधून काढून दाखवतो. रस्त्यावर बेशुद्ध पडलेला माणूस दाखवत नाही. त्याची नोंद ‘अनोळखी पुरुष, अंदाजे ४०’ अशी होते, दोन तासांनी भाऊ येऊन नाव सांगतो, आणि मग रुग्णालयात एकाच माणसाच्या दोन फायली तयार होतात. त्याहून वाईट म्हणजे दोन माणसांची एक फाइल. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याच कोणाचा रक्तगट किंवा दुसऱ्याच कोणाची औषधाची ॲलर्जी पडद्यावर आली, तर कोरी पाटी त्यापेक्षा बरी.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, सुरुवातीला माणूस जोडूच नये, फेरी जोडावी. प्रत्येक कॉलला नियंत्रण कक्षाकडून क्रमांक मिळतो. तोच क्रमांक गाडीवरच्या नोंदीला, रुग्णाच्या मनगटपट्टीला आणि रुग्णालयाच्या केसपेपरला लावावा. भिवापूरच्या रुग्णासारखी गाडी वाटेत बदलली, तरी क्रमांक तोच ठेवावा. नाव, आभा, आधार हे सारे नंतर, रुग्ण स्थिर झाल्यावर.

दुसरे म्हणजे घड्याळ. मी एका ठिकाणी पाहिले आहे की, रुग्णालयाचा सर्व्हर गाडीवरच्या टॅबपेक्षा अकरा मिनिटे मागे होता. नोंदी जोडल्या, तर रुग्ण निघण्याआधीच पोहोचल्याचे दिसत होते. दोन्हीकडची घड्याळे एका वेळेशी बांधून घेणे हे काम स्वस्त आहे, पण निविदेत ते कोणी लिहीत नाही. तिसरी गोष्ट शब्दांची. गाडीवरचा डॉक्टर ‘घोणस’ लिहितो, रुग्णालयाच्या यादीत तो पर्याय नसतो, मग ‘इतर’ निवडले जाते आणि विषाचा प्रकारच हरवतो. राष्ट्रीय मिशनने माहितीच्या देवाणघेवाणीसाठी एफएचआयआर, म्हणजे ‘फायर’, हे मानक घेतले आहे, पण मानक म्हणजे पाकिटाचा आकार; आतल्या पत्रात काय लिहायचे ते डॉक्टरांनीच ठरवायला हवे.

सक्तीला मात्र माझा विरोध आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि तिथले कामकाज कित्येक दिवस हाताने लिहून चालवावे लागले. कागदाची सवय पूर्ण मोडलेल्या जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयाला तो धक्का पेलणार नाही.

प्रतिसाद : नोंदणी खिडकीवरची कर्मचारी

पोलीस केस असली, तर नोंदीत भरलेली वेळच पुढे कोर्टात विचारली जाते. भरलेली वेळ नंतर बदलली, तर जुनी वेळ आणि बदलणाऱ्याचे नाव दिसत राहिले पाहिजे. नाहीतर खिडकीवरचा माणूस अडकतो.

प्रतिसाद : सिकलसेलग्रस्त मुलाची आई, उत्तर नागपूर

आपण सगळे रुग्णवाहिकेकडून रुग्णालयाकडे जाणाऱ्या माहितीबद्दल लिहीत आहात. मला उलट दिशेबद्दल विचारायचे आहे. माझ्या मुलाला वेदनेचा झटका येतो, तेव्हा तो ओरडत असतो आणि गाडीवर आलेल्या नव्या डॉक्टरला मी पहिल्यापासून सांगत असते : याला सिकलसेल आहे, मागच्या वेळी छातीत गुंतागुंत झाली होती, ऑक्सिजन आधी बघा. एकदा मी घरी नव्हते. त्याच्या आजीने ‘पोटात दुखतंय’ एवढेच सांगितले आणि पोटदुखीचेच इंजेक्शन दिले गेले. रुग्णालयात त्याची जाडजूड फाइल आहे. ती गाडीवर का दिसू नये?

पण माझी भीतीही लिहिते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, म्हणून आमच्याकडे सोयरीक ठरताना त्याची चौकशी होते. माझ्या धाकट्या मुलीत फक्त वाहक लक्षण आहे. तिला काही त्रास नाही. दोघांचे नाव, पत्ता, आडनाव एकच. मुलाची फाइल उघडणाऱ्या प्रत्येक गाडीवर, प्रत्येक टॅबवर तिची माहितीही दिसणार असेल, तर मला ही जोडणी नको.

प्रतिसाद : धागाकर्ता

ताई, आपला प्रश्न माझ्या मूळ मांडणीत नव्हता, ही माझी चूक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात जीवाला धोका असलेल्या वैद्यकीय आणीबाणीत संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे. पण ती मुभा त्या रुग्णापुरती आणि त्या आणीबाणीपुरती समजली पाहिजे, घरादाराची फाइल चाळण्याचा तो परवाना नव्हे. गाडीवरच्या डॉक्टरला पूर्ण फाइल लागतही नाही. ठरलेल्या आजारांची खूण, ॲलर्जी, चालू औषधे आणि मागच्या दाखल होण्याचे कारण एवढे पुरते, आणि ते कोणी उघडले याची नोंद आपल्याला मोबाइलवर दिसायला हवी.

संगणकवाल्या मित्राची फेरी-क्रमांकाची सूचना मला पटली. त्यामुळे मी माझी मागणी आखडती घेतो : सगळ्या नोंदी जोडण्याची सक्ती नको, पण रुग्णाचा ताबा देतानाच्या एका पानाची सक्ती हवीच. आणि त्या पानाला परतीची वाट हवी. सहा वर्षांत मी सोपवलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले, ते मला बोटावर मोजण्याइतक्या वेळा कळले. ज्याला मी छातीत जळजळ समजून आणले, त्याला हृदयविकाराचा झटका होता का, हे कळलेच नाही, तर पुढच्या वेळी मी सुधारणार कसा?

प्रतिसाद : अपघात विभागातील वैद्यकीय अधिकारी

एका पानावर बोलता येईल. माझ्या अटी अशा : ते पान खाटेजवळ छापून निघावे, त्यात दहापेक्षा जास्त ओळी नसाव्यात, आणि तोंडी निरोप बंद होऊ नये. परतीची माहिती आमच्याकडून कोण भरणार, हे मला अजून कळलेले नाही. डिस्चार्ज कार्ड लिहिणाऱ्या इंटर्नवर हे आणखी एक काम टाकले, तर तो दर वेळी ‘प्रकृती स्थिर’ एवढेच लिहील. त्यामुळे सक्तीच्या बाजूने मी अजूनही नाही. एका रुग्णालयात, एका मार्गावर, समजा उमरेड ते मेडिकल, पावसाळ्याचे चार महिने करून पाहायला हरकत नाही.

मनगटावरची चिकटपट्टी मात्र मी काढू देणार नाही. तिच्यावर वेळेपुढे ‘सुरू’ की ‘संपले’ आणि सकाळ की संध्याकाळ, एवढे लिहायला आपल्या लोकांना उद्यापासूनच सांगा. त्याला निविदा लागत नाही.