अनुभव धागा: वजन उतरल्यावर जाड माणसांकडे बघायची नजर बदलली का?

मेथीदाणा
वजन कसं कमी करायचं यावर ढिगाने लिहून झालंय. भात सोडा, भात सोडू नका, सातच्या आत जेवा, सगळं. हा धागा त्यासाठी नाही. मला नंतरचं विचारायचंय. ज्यांचं पंधरा-वीस किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांना आता समोरचा जाड माणूस कसा दिसतो? कळवळा येतो, राग येतो, की सल्ला द्यायला जीभ वळवळते?

विचारायचं कारण माझी मावसबहीण. लहानपणी आम्हा दोघींना घरात 'एका वेलाचे दोन भोपळे' म्हणायचे. ती आता बारीक झालीय आणि लग्नात बुफेच्या रांगेत माझ्या कानाशी येऊन 'तिचा तिसरा गुलाबजाम बघ' म्हणते. मी अजून नव्वदीतच आहे. माझ्या पाठीमागे ती काय म्हणत असेल ते कळायला ज्योतिषी नको. खरं लिहा, गोड लिहू नका.

गोदाकाठ
मग खरंच लिहितो, जोडे पडले तरी चालतील. माझी नजर कडक झाली. १०४ वरून ७९ वर आलो. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं व्याख्यान ऐकलं आणि सुरू केलं. दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. फिरतीची नोकरी आहे, तरी मोडलं नाही. लॉजवर उतरलो की आधी जवळचं मैदान शोधायचो. आता शेजारच्या टेबलावरचा सहकारी चहात क्रीमरोल बुडवत 'माझं थायरॉइडमुळे आहे' म्हणतो, तेव्हा अगदी ओठांवर येतं की क्रीमरोल थायरॉइडने मागवला का. बोलत नाही, पण वाटतं. का वाटू नये? सख्ख्या पुतण्याच्या लग्नात मी जिलबीला हात लावला नव्हता.

घरचा_आहेर
त्या सहकाऱ्याचा टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीचा आकडा, पाहिलाय का तुम्ही? सहज विचारलं.

आठ_सत्तावन्न
माझा राग वेगळ्याच लोकांवर आहे. डोंबिवलीहून लेडीज डब्यातून जाते. तीन जणींच्या बाकावर चौथी बसते, हे मुंबईकरांना सांगायला नको. मी ९४ किलोची होते तेव्हा मी बाकापाशी उभी राहिले की कडेची बाई मांडीवरची पर्स उचलून शेजारच्या रिकाम्या चार बोटं जागेत ठेवायची. नजर खिडकीबाहेर. 'जरा सरकता का' म्हटलं तर तिघी मिळून एवढंसं हलायच्या, की त्यापेक्षा उभं राहिलेलं बरं.

आता ६६ आहे. गेल्या पावसाळ्यात एक चांगली अंगाने भरलेली मुलगी माझ्या आधी येऊन विचारत होती. तिला 'जागा नाहीये गं' मिळालं. मी मागे उभी, तर त्याच बाईने मला बोट दाखवलं, 'तू ये, तू मावशील.' आणि खरंच सरकल्या तिघी, छान ऐसपैस! त्या मुलीबद्दल मला दया वगैरे वाटली नाही, ओळखीचं वाटलं. पण बारीक बायकांचं प्रेमळ बोलणं तेव्हापासून मला पचत नाही. डब्यातल्या भिशीत घ्यायला बघतात, हळदीकुंकवाला बोलावतात. मी जात नाही. नवरा म्हणतो फार मनात ठेवतेस. ठेवते.

तांबडी_माती
आमच्याकडं उलटंच हाय. कोल्हापूरला तालमीत होतो. तिथं दूध, तूप, बदाम, थंडाई आणि हजारभर जोर-बैठका. अंग भरलेलं म्हंजे मान. तालीम सुटली, खुराक सुटला न्हाई. अंग जे सुटलं ते ११८ वर जाऊन थांबलं. गुडघे गेले तवा डॉक्टरांनी खडसावलं. तीस किलो उतरवलं, तर गावात जो तो विचारतोय, 'पैलवान, शुगर लागली काय?' आईनं तर अंगारा आणला.

नजरेचं म्हणाल तर मी जाड माणसाचं पोट बघतच न्हाई, चाल बघतो. जिना उतरताना आडवा होऊन उतरतोय का, कठड्याला हात कसा टाकतोय, खुर्चीतनं उठताना मांडीवर तळवा दाबतोय का. ते दिसलं की माझाच गुडघा ठणकाय लागतो. मग वाटतं बोलावं. पण बोलून काय, मला दहा जण बोलले तवा मी त्यांना शिव्याच दिल्या हुत्या.

निवांत_अंगण
माझं २२ किलो केमोत गेलं. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली, 'अगं काय छान बारीक झालीस, आम्हालाही दे ना डाएट!' डोक्याला स्कार्फ होता, तो तिला फॅशन वाटला असावा. तेव्हापासून कुणाच्या अंगाबद्दल, कमी झालं म्हणूनही नाही आणि वाढलं म्हणूनही नाही, मी अवाक्षर काढत नाही. एवढंच.

शंकरपाळी
मी थोडं मोठं लिहिणार आहे. मला मधुमेह आहे. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं आणि डॉक्टरांनी त्याच वर्षी मला सुरू केलं. आठवड्याला एक इंजेक्शन. वजन उतरलं, पण सांगायचंय ते दुसरंच.

शंकरपाळ्यांचा डबा कुठल्या फळीवर आहे आणि त्यात किती उरल्यात, हा हिशेब माझ्या डोक्यात अखंड चालू असायचा. मीटिंगमध्ये, देवळात, एकदा तर सासऱ्यांच्या तेराव्याला. मला वाटायचं ही टकळी सगळ्यांच्याच डोक्यात असते आणि बारीक लोक तिला गप्प बसवायला शिकलेले असतात. इंजेक्शन सुरू होऊन थोडे दिवस झाल्यावर एका संध्याकाळी डबा समोर उघडा होता. दोन खाल्ल्या, झाकण लावलं, मालिका बघत बसले. झोपताना लक्षात आलं की डबा आठवलाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

नवऱ्याला विचारलं, 'तुझ्या डोक्यात असं खाण्याचं चालू नसतं का रे?' तो म्हणाला, 'कसलं खाण्याचं?' हा माणूस लग्न झाल्यापासून मला 'मनावर घे' म्हणत आलाय! त्याला मनावर घ्यायला काही नव्हतंच. जाड माणूस हावरट असतो असं मी स्वतःबद्दलच मानायचे, तेही सुटलं. गोदाकाठ, तुमची जिलबी मोठीच, पण तुमची टकळी किती मोठ्याने चालते ते तुम्हालाही माहीत नाही आणि त्या सहकाऱ्याची तर नाहीच.

पुन्हा_तिथेच
गोदाकाठ यांना माझाही निरोप. मीही एक-दोन वर्षं असाच कडक होतो. पुढे सगळं परत आलं, तेच जेवण, तेच चालणं असताना. अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत वजन घटवणाऱ्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तो अभ्यास २०१६ मध्ये आला. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरलेलं, त्यातलं ४१ परत. १४ पैकी १३ जणांचं वाढलं आणि चौघे तर आधीपेक्षा जाड. शरीर विश्रांतीत जाळतं ती ऊर्जा त्या वजनाच्या माणसाच्या मानाने दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी भरली. म्हणजे एक बऱ्यापैकी जेवण. टिकवणाऱ्याचं कौतुक आहेच, पण सहा वर्षांनी बोलू.

सदाशिवपेठी
दुसरी बाजू. माझा मेव्हणा काडीपैलवान, बारीकपणाची घमेंड केवढी! मधुमेह त्याला झाला. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. डोळ्यांना ओ की ठो कळत नाही. मी स्वतः १८ किलो उतरवलं, पण हा फोटो पाहिल्यापासून माणसाच्या आकारावरून तब्येत ओळखायचा धंदा बंद केला. मेव्हण्याला बोलायचा मोह मात्र अजून होतो.

गोदाकाठ
वाचलं सगळं. पूर्ण पटलं असं म्हणणार नाही, क्रीमरोल तो क्रीमरोलच. पण शंकरपाळीताई, इंजेक्शन बंद केल्यावर काय?

शंकरपाळी
डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. याच जातीच्या आधीच्या औषधाच्या, सेमाग्लुटाइडच्या चाचणीत बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. शिवाय खर्च आहे, विमा देत नाही. तूर्त चालू ठेवलंय. बंद केलं आणि टकळी परतली तर इथे येऊन लिहीन, फक्त तेव्हा मला जिलबीची गोष्ट सांगू नका.