‘देव एकच, नावं वेगळी’ असं शेजारी म्हणतात तेव्हा काय बोलावं?

म्हापशाची वाट
म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला (मरियामातेला) तेल वाहायला हिंदूही येतात. ती लईराई देवीची बहीण, अशी श्रद्धा आहे. अशा गावांत सहज विचारलं जातं, ‘देव एकच, नावं तेवढी वेगळी, खरं ना?’ ‘हो’ म्हटलं तर ख्रिस्ती म्हणून खोटं बोलल्यासारखं होतं, ‘नाही’ म्हटलं तर समोरच्याचा चेहरा पडतो. घरात आजारपण असेल तर आणखी कठीण. नेमकी वाक्यं सुचवा.

साष्टीचा वाचक
एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत, ते सुटे करा. ‘देव एकच आहे, हे मीही मानतो. येशू मात्र माझ्यासाठी आणखी एक नाव नाही. तो क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, यावर माझा विश्वास उभा आहे.’ एवढं बोलून थांबा. मग विचारा, ‘तुम्ही कसं मानता?’ आणि उत्तर पुरतं ऐका. बिघडतं ते इथंच: ऐकताना मनात पुढचा मुद्दा जुळवणं चालू असतं आणि पहिला शब्द ‘पण’ निघतो.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 17 वाचा. अथेन्समधल्या मूर्ती पाहून पौलाचा जीव तळमळला होता, तरी सुरुवात त्यानं त्यांच्या भक्तिभावापासून केली. त्यांच्याच वेदीचा आणि कवींचा आधार घेतला. पुनरुत्थानाची गोष्ट मात्र गाळली नाही. काहींनी थट्टा केली, काही म्हणाले, पुन्हा ऐकू. तो कुणाच्या मागे धावला नाही.

अंत्रुजकर
गोव्यात याआधी एक पायरी आहे. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, कवळ्याची शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात देवळं पाडली जात होती, तेव्हा हे देव नदीपलीकडे न्यावे लागले. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 ते 1812, मधली थोडी वर्षं सोडून. ऐकणाऱ्याच्या कुळात ही आठवण असते. विषय निघाला तर ‘तेव्हा पोर्तुगीज होते’ म्हणून झटकू नका. ‘ते ख्रिस्ताच्या नावानं झालं आणि ते चूक होतं’ असं सरळ म्हणा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च 2000 मध्ये सत्याच्या सेवेत वापरलेल्या चुकीच्या मार्गांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली होती. आपल्याला का जड जावं?

शब्दही तपासा. ‘अंधारातले लोक’, ‘सैतानाची पूजा’ हे शब्द बोलण्यातून काढाच. त्याच काळात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचलं, 1616 मध्ये ते रायतूरला छापलं गेलं. त्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ येतं. सिद्धान्त त्यांनी सोडला नाही, भाषा ऐकणाऱ्याची घेतली.

पणजी-रुग्णसेवा
आजारपणाबद्दल. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले. तोवर ते बरोबर होते. तोंड उघडून कारणं सांगू लागले आणि चुकले. ‘हे पापाचं फळ’ असं सुचवूही नका. जन्मांधाबद्दल येशूनं तेच नाकारलं (योहान 9:3).

आधी विचारा, ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल? इथं की माझ्या घरी?’ संकोच दिसला तर घरीच. इथं केलीत तर मिनिटभर, हळू आवाजात; प्रार्थनेच्या आडून प्रवचन नको. बरं होण्याची हमी देऊ नका, औषधाबद्दल बोलू नका. डबा, रक्त, पैसे दिलेत तर त्याच भेटीत पत्रक देऊ नका, माणूस ‘नको’ म्हणायला मोकळा राहत नाही. कायद्याच्या बाजूनंही हे पाहा: संविधानाचं कलम 25 श्रद्धेच्या प्रसाराचा हक्क देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये सांगितलं.

म्हापशाची वाट
आणि चवथीचा प्रसाद?

साष्टीचा वाचक
बायबलमधलं 1 करिंथ 8 आणि 10 (मूर्तींना वाहिलेल्या अन्नाबद्दल) वाचून आधीच ठरवा, दारात उभं राहून नव्हे. घेत नसाल तर मधुमेहाचं खोटं कारण देऊ नका. ‘देवाला दाखवलेलं मी घेत नाही, माझ्या श्रद्धेमुळे. राग मानू नका. नैवेद्याआधी बाजूला काढलेल्या नेवऱ्या (करंज्या) असतील तर आनंदानं खाईन.’ मग खरंच बसून खा.