काटा हलत नाही, पण रुग्ण खंगतोय: कॅन्सरमधली क्षीणता आधी कशी ओळखायची?

रात्रपाळी
केमोच्या दर फेरीला वजन नोंदवलं जातं, पण कॅकेक्सियाचं, म्हणजे आजाराने स्नायू झडून येणाऱ्या क्षीणतेचं, नाव निघतं ते गालफडं बसल्यावर. तोवर डोस कमी झालेला असतो नाहीतर फेरी पुढे ढकललेली असते. ५ टक्के घट व्हायच्या आधी, कोण खंगणार याचा अंदाज कशावरून बांधायचा? आणि पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर वजन कसं वाचायचं?

तराजू
आधी टक्का काढताना होणारी चूक. तुलना मागच्या फेरीशी नको, आजारापूर्वीच्या नेहमीच्या वजनाशी करा. दर वेळी अर्धा-पाऊण किलो उतरतं, प्रत्येक नोंद 'जवळपास तेवढंच' म्हणून सुटते आणि चार फेऱ्यांत दोन-तीन किलो जातात.

२०११च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे, नुसती उपासमार हे कारण नसताना ६ महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त घट म्हणजे कॅकेक्सिया. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २०च्या खाली असेल किंवा स्नायू आधीच कमी असतील, तर २ टक्क्यांहून जास्त घटसुद्धा पुरते. ४८ किलोच्या सडपातळ माणसाचा एक किलो गेला की तो या व्याख्येत बसला! हे हमखास सुटतं.

आता सूज. नेहमीचं वजन ६४, आज ६१.२, म्हणजे घट ४.४ टक्के. पण पायात आणि पोटात मिळून दोन लिटर पाणी असेल, तर खरं वजन ५९.२ आणि घट ७.५ टक्के. पाण्याचा अंदाज अचूक नसतो, म्हणून वजनाशेजारी 'सूज आहे/नाही, कुठपर्यंत' एवढं तरी लिहाच. पोटातलं पाणी काढलं असेल तर त्यानंतरचं वजन वेगळं नोंदवा.

पथ्यपाणी
अंदाजाचं सांगते. पहिला धागा गाठीची जागा. स्वादुपिंड, जठर, अन्ननलिका, फुप्फुस, डोकं-मान या रुग्णांना पहिल्या भेटीपासून जोखमीचे धरा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे प्रमाण बरंच कमी.

दुसरा धागा भूक. वजन उतरण्याआधी खाण्यावरची वासना उडते. 'जेवण कसं आहे?' विचारलं की 'ठीक' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी 'महिन्यापूर्वी जेवढं जेवत होता त्याच्या निम्मं जातं का, पाव जातं का? दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं का?' असं विचारा. मांसाचा वास नकोसा होणं, तोंडाला धातूसारखी चव येणं हेही लिहून ठेवा.

तिसरा धागा शरीरातला दाह (इन्फ्लमेशन). सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारी रक्ततपासणी, लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आणि त्यात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लिटरला ३५ ग्रॅमच्या खाली, ही जोडी वाईट. मात्र एकक बघा: काही लॅब सीआरपी डेसिलिटरमध्ये देतात, तिथे १ म्हणजेच इथले १०. आणि ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असताना घेतलेला सीआरपी यासाठी धरू नका.

हाडंमांस
काट्याला न कळणारं हाताला कळतं. कानशिलं खोल गेली आहेत का, गळ्याखालचं हाड उठून दिसतंय का, खांद्याची गोलाई जाऊन कोपरा आलाय का ते बघा. मग अंगठा तर्जनीला टेकवायला सांगा. दोन्हींमधला मांसल उंचवटा एरवी टणक फुगतो. तिथे सपाट किंवा खड्डा असेल तर स्नायू झडताहेत. स्थूल रुग्णात चरबीमुळे बाकीचं झाकलं जातं, म्हणून तिथे ही खूण फार उपयोगी.

हाताची पकड पुरुषात २७ किलोच्या आणि बाईत १६ किलोच्या खाली, किंवा हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला १५ सेकंदांहून जास्त, तर ताकद कमी. पोटरीचा घेर सूज असताना मोजून उपयोग नाही.

सीटी स्कॅन झालेलाच असतो. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या छेदात स्नायूंचं क्षेत्रफळ मोजून उंचीच्या वर्गाने भागतात. वेगळं सॉफ्टवेअर नसेल तर रेडिओलॉजिस्टना जुना-नवा छेद शेजारी ठेवून बघायची विनंती करा. आकडा मिळणार नाही, पण स्नायू बारीक झालेत की त्यात चरबीच्या काळ्या रेघा शिरल्यात एवढं दिसतं.

रात्रपाळी
आभार. अल्ब्युमिन कमी आलं की प्रोटीन पावडर लिहून देतात. ते बरोबर आहे का?

पथ्यपाणी
नाही. अल्ब्युमिन दाहामुळे उतरतं, त्यावरून खाणं मोजता येत नाही. प्रथिनं हवीतच, किलोमागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम, आणि २५ ते ३० किलोकॅलरी. पण कॅकेक्सियात शरीर स्वतःच स्नायू मोडत असतं, त्यामुळे नुसतं खाणं वाढवून सगळं भरून येत नाही. घरच्यांना हे स्पष्ट सांगा, नाहीतर 'तू खातच नाहीस' म्हणून रुग्णाच्या मागे लागतात आणि त्याला जेवणाचीच धास्ती बसते.

त्याआधी दुरुस्त होणारी कारणं शोधा: तोंडातले व्रण किंवा पांढरी बुरशी, मळमळ, दुखणं, उदासी, दुखण्याच्या गोळ्यांनी झालेला मलावरोध. स्वादुपिंडाच्या रुग्णाचा मल तेलकट, तरंगणारा असेल तर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल जेवणासोबत हव्यात, जेवणानंतर नव्हे.

तराजू
दोन सावधगिरी. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने भूक उघडते, पण फायदा काही आठवड्यांचा. पुढे मांड्यांचे स्नायू झडतात आणि पाणी धरून वजन वाढल्यासारखं दिसतं. दुसरं, ५ दिवसांहून जास्त जवळपास काहीच न खाल्लेल्या रुग्णाला एकदम पूर्ण आहार देऊ नका. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासा, थायमिन (ब१ जीवनसत्त्व) आधी द्या, पहिले दोन दिवस निम्म्यावरच थांबा आणि रोज फॉस्फेट बघत वाढवा.