कंपनीची मूल्ये, आपली मूल्ये आणि महिनाअखेरचा डिस्पॅच

मायक्रोमीटर (चाकण)

मी चाकण एमआयडीसीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. आम्ही मशीनिंग केलेले सुटे भाग मोठ्या वाहन कंपन्यांच्या पुरवठादारांना देतो. प्रवेशद्वाराजवळ कंपनीच्या मूल्यांचा फलक आहे: सचोटी, गुणवत्ता, ग्राहकाचे समाधान आणि माणसांचा आदर. या चारही गोष्टी मला मनापासून मान्य आहेत आणि माझी अडचण नेमकी तेथूनच सुरू होते.

प्रत्येक लॉटबरोबर पीडीआय रिपोर्ट (माल पाठवण्यापूर्वीच्या तपासणीचा अहवाल) जातो, ज्यासाठी लॉटमधील पाच नग मोजायचे असतात. महिन्याचे पहिले तीन आठवडे ते खरोखर मोजले जातात. शेवटच्या आठवड्यात मात्र गाडी फाटकाशी उभी असते, सीएमएम मशीन (भागांची मापे अचूक मोजणारे यंत्र) एकच असल्यामुळे तिच्यापुढे रांग लागलेली असते आणि मग मागच्या लॉटचे रीडिंग पाहून, शेवटचा अंक इकडेतिकडे करून रकाने भरले जातात. आजवर या रिपोर्टवर सही माझे वरिष्ठ सहकारी करत होते. त्यांची बदली दुसऱ्या प्लांटला झाली असून पुढील महिन्यापासून सही माझी असेल.

माल खराब जातो असे मुळीच नाही. प्रक्रिया स्थिर आहे आणि मी येथे आल्यापासून या भागांबद्दल ग्राहकाची तक्रार आलेली नाही. शिवाय आमचे मालक माणूस म्हणून चांगले आहेत. कोविडच्या टाळेबंदीत त्यांनी सर्वांना पूर्ण पगार दिला आणि माझ्या वडिलांच्या बायपासच्या वेळी मी तोंड उघडण्याआधीच उचल मंजूर केली. अशा माणसासमोर ‘मी सही करणार नाही’ असे म्हणणे मला कृतघ्नपणाचे वाटते, आणि सही करणे खोटेपणाचे. व्यक्तीची आणि संस्थेची मूल्ये एकमेकांना भिडतात तेव्हा काय करावे, अशी चर्चा नेहमी होते; पण फलकावरची मूल्ये आणि माझी मूल्ये एकच असतील, तर भिडते आहे ते नेमके काय? नोकरी सोडण्याचा सल्ला कृपया देऊ नये, घराचे हप्ते चालू आहेत.

जुना इन्स्पेक्टर (चिंचवड)

आपण प्रश्न योग्य जागी आणून ठेवला आहे. क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शोन या अभ्यासकांनी १९७४ साली एक भेद मांडला होता: माणसे आणि संस्था आपण कोणत्या तत्त्वांवर चालतो असे सांगतात ते वेगळे, आणि त्यांच्या वागण्यावरून जी तत्त्वे दिसतात ती वेगळी. आपल्या कंपनीत पहिले तीन आठवडे या दोहोंत अंतर पडत नाही, कारण तेव्हा सचोटीसाठी काही मोजावे लागत नाही. चौथ्या आठवड्यात वेळेवर माल पोचवणे आणि खरे आकडे लिहिणे यांपैकी एकच जमणार असते, आणि तेव्हा जे निवडले जाते तेच त्या संस्थेचे चालते मूल्य होय. म्हणजे येथे आपण विरुद्ध कंपनी असा सामना नसून कंपनीच्याच दोन मूल्यांची आपसात झोंबी आहे, आणि ती सोडवण्याचे काम कोणीही न सांगता आपल्या सहीवर ढकलले गेले आहे.

‘माल चांगलाच असतो’ या युक्तिवादाबद्दल मात्र सावध करतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये जपानच्या कोबे स्टीलने मान्य केले की ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या मालाचे तपासणीचे आकडे ग्राहकाच्या अटींत बसतील असे बदलले जात होते. पुढे बाधित ग्राहकांची संख्या ५०० च्या वर गेली आणि त्यांत मोटारी, विमाने, रेल्वेगाड्या बनवणारे होते. बहुतेक ग्राहकांनी तपासून सुरक्षिततेला धोका नसल्याचे सांगितले, तरीही २०१८ मध्ये अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. ग्राहकाने पैसे नुसत्या धातूचे दिलेले नसतात, त्या कागदावरच्या विश्वासाचेही दिलेले असतात.

आता व्यवहाराचे. प्रक्रिया खरोखर स्थिर असेल तर तेच आपले सर्वांत मोठे बळ आहे. सीपीके (प्रक्रिया ठरलेल्या मर्यादांत किती सहज बसते ते दाखवणारा आकडा) सातत्याने १.६७ च्या वर दाखवता येत असेल, तर मोजणीची वारंवारता कमी करण्याची रीतसर विनंती ग्राहकाकडे करता येते. पाचऐवजी दोन नग मंजूर झाले तर ते दोन प्रामाणिकपणे मोजता येतील. आणि ती मंजुरी येईपर्यंत जो नग मोजला नाही, त्याच्या रकान्यात ‘मोजलेला नाही’ असे लिहावे. कोरा रकाना ही त्रुटी असते, भरलेला खोटा रकाना ही फसवणूक असते. ऑडिटमध्ये या दोहोंची गत फार वेगळी होते.

संध्या (कर्वेनगर)

मी मनुष्यबळ विभागात काम करते, त्यामुळे माझे मत थोडे वेगळे आहे. मूल्यांच्या फलकांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. सत्यम कंपनीला २००८ साली उत्तम कंपनी कारभाराबद्दल सुवर्ण मयूर पुरस्कार मिळाला होता आणि ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनीच हिशेबातील खोटेपणाची कबुली देणारे पत्र लिहिले. (पुढे ती कंपनी पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्राकडे आली, हे येथील अनेकांना आठवत असेल.) संस्थेची मूल्ये पाहायची असतील तर सकाळच्या बैठकीत कोणाला कोणता आकडा विचारला जातो ते पाहावे. डिस्पॅचच्या प्रमुखाला रोज फक्त ‘किती गाड्या गेल्या’ एवढेच विचारले जात असेल, तर त्याला सचोटीवर कितीही व्याख्याने दिली तरी काही बदलणार नाही.

कोणी तरी तक्रार यंत्रणेचा सल्ला देईल, म्हणून आधीच लिहिते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार अशी यंत्रणा नोंदणीकृत म्हणजे शेअर बाजारातील कंपन्यांना, जनतेकडून ठेवी घेणाऱ्यांना आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्यांना सक्तीची आहे. आपली कंपनी त्यात बसेलच असे नाही. बड्या ग्राहकांकडे पुरवठादारांसाठी निनावी तक्रारीची सोय बहुधा असते, परंतु ज्या विभागात तो अहवाल दोघेतिघेच भरतात तेथे निनावी राहता येत नाही. हा मार्ग शेवटचा ठेवावा.

‘जुना इन्स्पेक्टर’ यांच्या एका सूचनेशी मी असहमत आहे. कोणाशी न बोलता पहिल्याच महिन्यात ‘मोजलेला नाही’ असे लिहिलेला कागद ग्राहकाकडे गेला, तर मालकांना तो पाठीत वार वाटेल. त्यांनी आपल्यावर उपकार केले आहेत म्हणून गप्प बसावे असे नाही, उलट त्याच कारणासाठी ही गोष्ट त्यांना सर्वांत आधी आणि आपल्या तोंडून कळली पाहिजे. कृतज्ञता आणि खरेपणा यांत निवड करावी लागते आहे असे आपल्याला वाटते, ते मालक नाही म्हणतील हे आपण न विचारताच गृहीत धरल्यामुळे.

शेडवाला (भोसरी)

मी स्वतः छोटा कारखानदार आहे, तेव्हा मालकाची बाजू मांडतो. समर्थन म्हणून नव्हे. ज्यांच्या स्वागतकक्षात ‘भागीदारांचा आदर’ असे कोरलेले असते, ते ग्राहक आमचे पैसे नव्वद दिवस अडकवतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ते व्याज मागून पुढची ऑर्डर गमावायला कोण तयार आहे? आमच्यामुळे त्यांची लाइन थांबली की डेबिट नोट (आमच्या पैशांतून कपातीची चिठ्ठी) मात्र लगेच येते. ही ओढाताण वरून खाली झिरपत येते आणि सर्वांत शेवटी आपल्यासारख्याच्या पेनाशी येऊन थांबते. मूल्यांच्या चर्चेत ही साखळी कोणी धरत नाही, म्हणून ती चर्चा मला अर्धवट वाटते.

तरीही माझा अनुभव असा की बहुतेक मालकांना हे रकाने कसे भरले जातात ते ठाऊकच नसते. मधल्या माणसांनी ‘साहेबांना डिस्पॅच हवा आहे’ एवढे ऐकलेले असते आणि पुढचे त्यांनी स्वतः ठरवलेले असते. त्यामुळे मालकांकडे तत्त्व घेऊन जाऊ नका, अडचण आणि तिचा खर्च घेऊन जा. शेवटच्या आठवड्यात किती लॉट असतात, एका लॉटला सीएमएमवर किती वेळ जातो, त्यांपैकी कोणती मापे साध्या गो-नोगो गेजने (माप मर्यादेत आहे की नाही एवढेच सांगणाऱ्या साधनाने) किंवा डायल लावलेल्या फिक्स्चरवर शॉप फ्लोअरवरच तपासता येतील, आणि असे फिक्स्चर बनवायला किती पैसे लागतील, हे एका कागदावर मांडा. ज्या मापांसाठी ग्राहकाच्या कंट्रोल प्लॅनमध्ये (कोणते माप कशाने तपासायचे याच्या आराखड्यात) सीएमएम लिहिलेले आहे, तेथे पद्धत बदलण्यास आधी त्यांची मान्यता घ्यावी लागेल, हेही त्याच कागदावर असू द्या. माणूस वाईट नाही असे आपणच म्हणता. मग त्याला नीट निर्णय घेण्याची संधी तरी द्या.

मायक्रोमीटर (चाकण)

सर्वांचे आभार. संध्याताईंचे म्हणणे पटले. मी मालकांना गृहीत धरले होते. एकूण मापांपैकी निम्म्याहून अधिक मापे गेजवर घेता येतील असे प्राथमिक पाहणीत दिसते, त्यामुळे कागद तयार करून सही माझ्याकडे येण्याआधीच त्यांची वेळ मागतो. एक शंका उरते. जे अहवाल यापूर्वी गेले आहेत, त्यांचा विषय त्याच बैठकीत काढावा का?

जुना इन्स्पेक्टर (चिंचवड)

काढावा, पण सहकाऱ्याचे नाव न घेता. त्या लॉटचे राखीव नमुने ठेवलेले असतील किंवा काही माल अजून गोदामात असेल, तर बैठकीपूर्वी ते मोजून घ्या आणि त्या रीडिंगवर मोजल्याच्या दिवसाची तारीख घाला, मागची नको. मापे आत असतील तर मालकांना ग्राहकाशी बोलणे सोपे जाईल. बाहेर असतील तर बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी त्यांना सांगा. आणि संध्याताईंचा आक्षेप मला मान्य आहे, आधी बोलणे, मग रकाना.