अँबेसेडर मार्क २ : घाट चढताना ऑइल प्रेशर अचानक उतरले, इंजिन उघडावे का?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९७२ सालची अँबेसेडर मार्क २ आहे. इंजिन मूळचेच, १४८९ सीसीचे पेट्रोल आहे. गाडी वडिलांनी घेतलेली असून तिची देखभाल आजवर नियमित झालेली आहे. डॅशबोर्डच्या लाल दिव्याखेरीज ऑइल प्रेशरचा एक वेगळा यांत्रिक मीटरही त्यांनीच बसवून घेतला होता.

गेल्या आठवड्यात ठाण्याहून परतताना कसारा घाट चढून इगतपुरीकडे येत असता या मीटरचा काटा उतरू लागला. एरवी इंजिन गरम असताना हमरस्त्यावर ५० पौंडांच्या (दर चौरस इंचाला) आसपास आणि आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन मंद चालू असताना, २० च्या जवळ राहणारा काटा घाट संपेपर्यंत २० वर आला. गाडी कडेला घेतली तेव्हा तो जवळजवळ शून्यावर टेकला आणि लाल दिवा लुकलुकू लागला. मी इंजिन ताबडतोब बंद केले आणि गाडी ओढून घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन थोडा वेळ सुरू केले, तेव्हा काटा ४५ वर गेला, पण इंजिन कोमट होताच खाली येऊ लागला, म्हणून पुन्हा बंद केले. ठोका किंवा खडखड असा कोणताही आवाज नाही. ऑइल २०डब्ल्यू-५० या दाटपणाचे असून दिवाळीनंतर फिल्टरसह बदललेले आहे. डिपस्टिकवर पातळी कमी नाही, उलट वरच्या खुणेच्या किंचित वरच आहे, त्यामुळे गळतीचा प्रश्न दिसत नाही.

आमचे नेहमीचे मिस्त्री म्हणतात की बेरिंगा गेल्या आहेत, तेव्हा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) ग्राइंड करून पूर्ण इंजिन बांधावे लागेल. त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, परंतु बेरिंग एका घाटात झिजते का, हा प्रश्न मनातून जात नाही. इंजिन उघडण्याआधी काय काय तपासावे, हे कृपया सांगावे.

उत्तर (सातपूर, निवृत्त टूलरूम फिटर)

आपण इंजिन वेळेवर बंद केलेत, हे सर्वांत महत्त्वाचे. आता कारण सापडेपर्यंत ते सुरू करू नका.

पहिली गोष्ट म्हणजे मीटर खरा बोलतो आहे का, हे पाहणे. यांत्रिक मीटरची तांब्याची नळी चेपली किंवा आतून गाळाने भरली तरी काटा चुकीचे दाखवतो. आपल्या बाबतीत दिवाही लुकलुकला, आणि दिव्याचा स्विच साधारण ५ ते ७ पौंडांच्या खाली गेल्यावरच चालू होतो, म्हणून मीटरचा दोष असण्याची शक्यता मला कमी वाटते. मात्र दिवा आणि मीटर एकाच टी-जोडणीवर असतील, तर ती जोडणी तुंबल्याने दोन्ही एकदम फसू शकतात. त्यामुळे टी काढून ब्लॉकवर थेट दुसरा, खात्रीचा मीटर लावून वाचन घ्यावे, पण ते ऑइल तपासल्यानंतरच. अंबडला किंवा सातपूरला हायड्रॉलिकची कामे करणाऱ्या कोणाकडेही ० ते १०० पौंडांचा मीटर आणि योग्य आट्यांचा निपल मिळून जाईल.

उत्तर (नाशिकरोड, जुन्या गाड्यांचे काम करणारा)

आपल्या प्रश्नातली सर्वांत मोलाची माहिती आपण गळती नसल्याचा पुरावा म्हणून दिली आहे. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या वर का आहे? पन्नास वर्षांच्या इंजिनात थोडे ऑइल जळतेच. अशा इंजिनात दिवाळीपासून पातळी खाली न येणे हेच संशयास्पद आहे, आणि ती वाढली असेल तर बाहेरून काहीतरी आत येत आहे हे नक्की. ते पाणी असेल किंवा पेट्रोल. पाणी असेल तर ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसते आणि रेडिएटरमधली पातळी उतरते. तसे काही आपण लिहिलेले नाही, म्हणून माझा संशय पेट्रोलवर आहे.

पंप ऑइल ढकलतो, आणि बेरिंग व क्रँक यांच्यातल्या बारीक फटींतून ते ऑइल किती सहज निसटते यावर प्रेशर ठरते. फट वाढली तर प्रेशर उतरते, हे आपल्या मिस्त्रींचे म्हणणे बरोबरच आहे. परंतु फट तेवढीच राहून ऑइल पातळ झाले, तरी मीटरवर हुबेहूब तेच दिसते. थंडपणी ४५ आणि गरम होताच घसरण, हे लक्षण दोन्हींना लागू पडते. फरक वेगाचा आहे. झीज वर्षानुवर्षे काटा हळूहळू खाली आणते, तर काही बिघडले की तो एका प्रवासात उतरतो. बेरिंग एका घाटातही जाऊ शकते, पण तेव्हा ती ठोका दिल्याशिवाय सहसा राहत नाही.

पेट्रोल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात, कसे जाते? आपल्या इंजिनावर डायफ्रामचा (लवचिक पडद्याचा) एसी बनावटीचा पेट्रोल पंप ब्लॉकलाच बोल्टने बसवलेला असून त्याचा दांडा कॅमशाफ्टवर चालतो. डायफ्राम फाटला की पेट्रोलचा काही भाग कार्ब्युरेटरकडे जातो आणि काही दांड्याच्या वाटेने सरळ चेंबरमध्ये उतरतो. गाडी चालत राहते, म्हणून कोणाला कळत नाही. घाटात खालच्या गिअरवर इंजिन बराच वेळ तापते, आधीच पातळ झालेले ऑइल आणखी पातळ होते आणि दोष पहिल्यांदा मीटरवर दिसतो. जुन्या डायफ्रामच्या कापडावरचे रबर आजच्या पेट्रोलसाठी बनलेलेच नव्हते. जून २०२२ मध्ये देशात १० टक्के इथेनॉल मिश्रणाचा टप्पा गाठला गेला आणि आता पंपावर २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल मिळते. साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाड्या वापरणाऱ्यांनी इंधनाच्या वाटेवरचे सगळे रबर बदलून घ्यावे, असे मी कळकळीने सांगतो, कारण हा दोष इंजिनापुरता राहत नाही, त्यातून आगही लागू शकते.

तपासणी सोपी आहे. डिपस्टिक काढून वास घ्या आणि ऑइल दोन बोटांत चोळून पाहा. २०डब्ल्यू-५० थंडपणी काकवीसारखे सावकाश ओघळले पाहिजे. ते पाण्यासारखे टपकत असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर निदान झाले. ऑइल पेटते का हे काडी लावून पाहण्याची एक जुनी रीत आहे, ती कृपया कोणीही वापरू नये. चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ भरलेली असते, म्हणून हे काम उघड्यावर, ज्योत आणि उघडा हँडलॅम्प दूर ठेवून करावे. नंतर एसी पंप उतरवून त्याच्या आत येणाऱ्या तोंडावर बोट दाबा आणि दांडा हाताने हलवा. ओढ धरून राहिली नाही तर पंप उघडून डायफ्राम उजेडासमोर धरा. तो शाबूत निघाला, तर कार्ब्युरेटरची फ्लोट निडल (भरल्यावर पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसते का ते पाहा, कारण तिथून ओसंडणारे पेट्रोलही सिलिंडरमधून खाली उतरते.

काढलेले ऑइल डब्यात भरून जुने ऑइल घेणाऱ्याला द्यावे. आपल्याकडे ते बेधडक गटारात सोडतात आणि ते शेवटी नासर्डीतून गोदावरीत जाते.

उत्तर (पंचवटी)

वरील निदान मला पटते, तरी ऑइल काढणारच आहात तर रिलीफ व्हॉल्व्हही, म्हणजे प्रेशर जास्त झाल्यास जादा ऑइल परत सोडणारी झडपही, पाहून घ्यावा. ब्लॉकच्या मागच्या अंगाला घुमटाच्या आकाराचा षटकोनी बोल्ट आहे. तो सोडला की स्प्रिंग आणि वाटीसारखा व्हॉल्व्ह बाहेर येतो. ऑइल बदलताना सुटलेला एखादा कण त्या बैठकीत अडकला, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. दाट, थंड ऑइल असताना प्रेशर बरे दिसते आणि गरम झाल्यावर गळते, म्हणून थंडपणीच्या ४५ वरून व्हॉल्व्ह निर्दोष ठरवता येणार नाही. वाटीवर ओरखडा किंवा एका बाजूची झीज असेल तर ती बदलावी, स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी धरून लांबी ताडावी, आणि बोल्टाखालची वॉशर नवीच घालावीत. प्रेशर वाढावे म्हणून स्प्रिंगमागे जादा वॉशर घालण्याची सवय काही गॅरेजांत आहे. तिला ठाम नकार द्यावा, कारण त्याने काटा वर जातो आणि मूळ दोष झाकला जातो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. डिपस्टिकला पेट्रोलचा वास स्पष्ट होता. मिस्त्रींना ही चर्चा वाचून दाखवली. त्यांनी मोकळेपणाने ऐकून घेतले आणि स्वतःच पंप उतरवला. डायफ्रामला कडेच्या बोल्टांजवळ अर्धवर्तुळाकार चीर आहे. रिलीफ व्हॉल्व्ह स्वच्छ निघाला. नवे किट, नवे ऑइल आणि फिल्टर घालून इंजिन पूर्ण गरम केल्यावर दुसऱ्या मीटरवर आयडलला १६ आणि गती दिल्यावर ४६ पौंड दिसतात. म्हणजे पूर्वीपेक्षा थोडे कमीच. बेरिंगांना इजा झाली असेल का?

उत्तर (नाशिकरोड, जुन्या गाड्यांचे काम करणारा)

आपल्या मिस्त्रींनी घेतलेला हा पवित्रा मला फार आवडला. त्यांची शंकाही पूर्णपणे मोडीत काढण्यासारखी नाही. पातळ ऑइलवर घाट चढलेल्या बेरिंगांना थोडी झळ लागली असू शकते. जुना फिल्टर टाकला नसेल तर त्याचा कागद कापून पसरवा आणि उन्हात पाहा. राखाडी चकाकी पांढऱ्या धातूची असते आणि ती चुंबकाला लागत नाही. तांबूस कण दिसले तर थर झिजून खालचा धातू उघडा पडला आहे असे समजावे, आणि मग चेंबर उतरवून बिगएंड बेरिंगा (पिस्टनचे दांडे क्रँकला जोडतात तिथल्या) पाहणे भाग आहे. तेव्हाच ऑइल पंपही उघडावा. त्याच्या रोटरच्या कंगोऱ्यांमधली फट ०.००६ इंचापेक्षा आणि बाहेरचा रोटर व बॉडी यांच्यातली ०.०१० इंचापेक्षा जास्त असू नये.

कागद स्वच्छ असेल, तर १६ आणि ४६ ही वाचने या इंजिनासाठी काळजीची नाहीत. आताचे ऑइल ५०० किलोमीटरवर पुन्हा बदला, कारण कोपऱ्यांत राहिलेले पेट्रोलमिश्रित ऑइल त्यात मिसळलेले असेल. तोवर गाडी शहरातच फिरवा, दर भरणीला डिपस्टिक पाहा आणि गरम आयडलचे वाचन तारखेसह वहीत लिहून ठेवा. ते १२ च्या खाली येऊ लागले तर चेंबर उतरवा. तोपर्यंत क्रँकला हात लावू नका.